घामातले मीठ

वाळूजच्या कारखान्यांतून मे महिन्यात कामगार बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या सदऱ्यांवर मिठाचे पांढरे पट्टे आपण पाहतो. हाच घाम ग्रंथीत तयार होताना याहून बराच खारट असतो. त्वचेकडे येता येता नलिकेच्या पेशी त्यातले बरेचसे मीठ परत घेतात. त्यासाठी पेशीपटलात क्लोराइड आयनांपुरती एक प्रथिनाची वाट असते. तिला आयनमार्गिका म्हणतात.

या प्रथिनाचा जनुक १९८९ साली सापडला. आई व वडील दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली, की मुलाला सिस्टिक फायब्रोसिस होतो. मार्गिका चालत नाही, म्हणून मीठ घामातच राहते; फुप्फुसांत व स्वादुपिंडात चिकट स्राव साचतो. न्यूयॉर्कमध्ये १९४८ च्या उष्णतेच्या लाटेत अशी मुले कोसळली. त्यावरून शोध घेत तेथील डॉक्टरांनी १९५३ साली घामातले जादा मीठ दाखवून दिले. आजही निदानासाठी घामच तपासतात.

भारतात हा आजार नसतोच असे पूर्वी मानत; म्हणून तो अनेकदा ओळखलाच जात नाही. वर्गातले एखादे मूल सतत खोकत असेल, वजन धरत नसेल आणि उन्हात त्याच्या कपाळावर मिठाचे कण दिसत असतील, तर आपण पालकांना डॉक्टरांकडे जरूर पाठवू या.