ऑइल कूलर बसवावा कुठे?

जुन्या मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडी आणि बांद्याच्या मध्ये इन्सुलीचा घाट लागतो. चढ फार मोठा नाही, पण पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक असला की रांगतच जावं लागतं. ताकद वाढवलेल्या टर्बो गाडीचं तेल तापतं ते अशा वेळी. इंजिनावर भार असतो आणि समोरून वारा नसतो. साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअसला तेल सुखात असतं. 130 च्या वर ते फार पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर विरळ होतो.

म्हणून ऑइल कूलर. त्याची जागा निवडताना वारा कुठून येतो हे सगळेच बघतात, तो बाहेर कुठून जाणार हे फार थोडे. मागे वाट नसेल तर हवा कूलरला वळसा घालून निघून जाते. रेडिएटरपुढे बसवला तर उभ्या गाडीतही पंखा हवा ओढतो. मात्र रेडिएटरला गरम हवा मिळते. बंपरचा कोपरा, चाकाच्या पुढची जागा, शर्यतीला उत्तम. पण आपल्याकडे पावसाळ्यात चाकाने उडवलेली तांबडी माती पात्यांत बसते आणि वाळून घट्ट होते. मग मागच्या बाजूने हलक्या धारेने धुवत बसा! गाडीच्या पोटाखाली तर नकोच, गतिरोधक आहेत.

पाइपांची तोंडं वर असावीत, म्हणजे हवा अडकत नाही. थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर आंबोलीच्या पावसात तेल पुरेसं तापतच नाही. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला माझं मत रेडिएटरपुढच्या जागेलाच, मध्ये दोन बोटं अंतर ठेवून.