निजामाचे दहा लाख पौंड आणि एक हेर

शिरूर कासारहून पश्चिमेला निघालं की थोड्या वेळात पाथर्डी तालुका लागतो. 1948 पर्यंत इथे राज्यच बदलायचं. अलीकडे निजामाचं हैदराबाद, पलीकडे मुंबई प्रांत. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने कितीतरी मराठवाडी कुटुंबांनी ही हद्द ओलांडली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात, पण त्याच वेळी आभाळातून काय चाललं होतं हे फारसं कुणी सांगत नाही.

सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक 1939 मध्ये ब्रिटिश हेरखात्यासाठी जर्मनीत ये-जा करायचा, व्यापारी म्हणून. त्याच्या लॉकहीड विमानाच्या पोटात कॅमेरे लपवलेले असत आणि त्यांच्यावर सरकती झाकणं. उंचावर भिंगांवर बाष्प धरू नये म्हणून विमानातली उबदार हवा त्यांच्यावरून खेळवलेली. जर्मन अधिकाऱ्यांना तो हौसेने विमानातून फिरवून आणायचा आणि खाली छायाचित्रण चालू असायचं, असं सांगतात.

हाच कॉटन 1948 मध्ये निजामाच्या मदतीला आला. भारताने हैदराबादची नाकेबंदी केली होती. कराचीहून लँकास्ट्रियन विमानं रात्री निघत आणि बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रं उतरत. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. कॉटनला पुढे ब्रिटनमध्ये 200 पौंड दंड झाला. एवढ्या उद्योगाला ही शिक्षा फारच किरकोळ म्हणावी लागेल.

खरा पेच शरणागतीनंतरचा. 20 सप्टेंबरला निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांच्या सांगण्यावरून दहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यात गेली. आठवडाभरात निजामाने ती परत मागितली. बँकेने कुणालाच दिली नाही. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तानला सार्वभौम राष्ट्र म्हणून खटल्यापासून संरक्षण दिलं आणि पैसा अडकून पडला. निजाम 1967 मध्ये वारले, व्याज साचत राहिलं.

भांडण नातवांपर्यंत पोचलं. हे पैसे शस्त्रांसाठीचे होते, असा पाकिस्तानचा दावा होता. त्यामुळे कॉटनची उड्डाणं सत्तर वर्षांनी लंडनच्या उच्च न्यायालयात पुन्हा तपासली गेली. शस्त्रं आली हे न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी मानलं, पण ही रक्कम त्या शस्त्रांचा मोबदला होती हे मानलं नाही. 2 ऑक्टोबर 2019 रोजी सुमारे साडेतीन कोटी पौंडांचा निकाल भारत आणि निजामाचे नातू मुकर्रम जाह व मुफ्फखम जाह यांच्या बाजूने लागला.

ते निकालपत्र सर्वांना खुलं आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या कादंबरीकाराने ते वाचायला घ्यावं.