वाळवंटासाठी जुनी मोटार कशी पारखावी



ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता काशीमीऱ्यापाशी मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, आणि तो महामार्ग पुढे वसईची खाडी ओलांडून उत्तरेस गुजरातेकडे जातो. याच वाटेने सुमारे 800 किलोमीटर गेले म्हणजे भूज येते. भुजेच्या पलीकडे कच्छचे रण आहे, आणि त्याहून उत्तरेस राजस्थानात जैसलमेरची वाळू. हिवाळा लागला की आपल्याकडील कित्येक कुटुंबांना ही वाट खुणावू लागते. मग चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, जिला बाजारात फोर बाय फोर म्हणतात तशी मोटार आपल्यापाशी असावी, असे वाटू लागते. नव्या मोटारीची किंमत सर्वांनाच पेलत नाही, आणि वर्षातून एकदोनदा करावयाच्या प्रवासासाठी तेवढा खर्च करणे शहाणपणाचेही नव्हे. तेव्हा जुनी मोटार घ्यावी हा विचार योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की ती पारखावी कशी?

बहुतेक गिऱ्हाईक प्रथम इंजिनाची ताकद विचारतात, मग उंची आणि टायरांची रुंदी पाहतात. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. वाळवंटासाठी जुनी मोटार घेताना तिची शक्ती पाहण्याआधी तिची झीज पाहावी. शहरात मोटार बंद पडली तर फार तर दिवस वाया जातो. वाळवंटात ती बंद पडली तर बरोबरच्या माणसांचे पाणी किती तास पुरेल हा हिशेब सुरू होतो.

वाळूत चाक का रुतते, हे प्रथम समजून घेऊ. वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात. त्यांवर थोड्या जागेत मोठा भार पडला की ते बाजूला सरतात आणि चाक खाली जाते. उंट अवजड प्राणी असूनही वाळूवरून चालतो, कारण त्याचे मऊ पाऊल भार पडताच पसरते. मोटारीच्या टायरातील हवा कमी केली असता नेमके हेच घडते. डांबरी रस्त्यावर दर चौरस इंचास 30 पौंडांच्या आसपास असलेला दाब वाळूत 18 पौंडांपर्यंत उतरवला, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि भार वाटला जातो. पुन्हा पक्क्या रस्त्यावर येताच हवा भरून घ्यावी लागते, नाहीतर टायर तापून फाटण्याचा संभव असतो.

ही युक्ती आजची नव्हे. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने 1920 नंतरच्या दशकात साध्या फोर्ड मोटारींतून लिबियाच्या वाळवंटात प्रवास केले. टायरातील हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली घालण्यास लोखंडी पट्ट्या बरोबर नेणे, रेडिएटरमधून निघणारी वाफ पुन्हा पाण्यात उतरवणे, हे उपाय त्याने व त्याच्या सोबत्यांनी तेथे रूढ केले. पुढे महायुद्धात, 1940 साली, त्याने उभारलेल्या वाळवंटी पथकाने प्रथम ज्या शेव्हरोले मालमोटारी वापरल्या, त्यांच्या मागच्या दोनच चाकांना जोर होता! यावरून चारही चाकांचा जोर निरुपयोगी ठरत नाही. परंतु वजन, टायर आणि निगा यांचे स्थान त्याच्याही आधी लागते, हे मात्र स्पष्ट होते.

म्हणून निवडीची पहिली कसोटी वजनाची. 1985 साली बाजारात आलेली मारुती जिप्सी आता नवी मिळत नाही, पण जुन्या बाजारात तिला अजून मान आहे. तिचे वजन सुमारे एक टन आणि तिची रचना साधी आहे. 2010 साली आलेली महिंद्र थार डिझेलवर चालते व अधिक वजनदार आहे. मात्र तिच्या इंजिनाला मंद गतीतही चांगली ओढ असते. येथे एक सावधगिरी हवी. थार केवळ मागच्या चाकांना जोर असलेल्या रूपातही मिळते. तेव्हा नावावर विसंबू नये. चारही चाकांना जोर देण्याची सोय गाडीत प्रत्यक्ष आहे की नाही, ते डोळ्यांनी पाहावे.

दुसरी कसोटी झिजेची, आणि तीच आजच्या विषयाचे मर्म आहे. समुद्राकाठची मोटार सांगाड्यात कुजते. वाळवंटातली मोटार इंजिनात झिजते. वसई, उत्तन, मुंबई या पट्ट्यात वापरलेल्या मोटारीला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसावा लागलेला असतो. तिचे इंजिन उत्तम असेल, पण चॅसीला गंज चढलेला असू शकतो. राजस्थानातून आलेल्या मोटारीचा पत्रा खणखणीत असतो, पण इंजिनात बारीक धूळ गेलेली असू शकते. विक्रेता दोन्ही वेळा वरचा रंगच दाखवील.

सांगाडा तपासण्यासाठी मोटार गॅरेजातील खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यावी. पाटे जेथे चॅसीला जोडलेले असतात त्या जागा आणि वेल्डिंगचे सांधे यांवर लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणकन वाजते, कुजलेले बद्द आवाज देते. खालच्या बाजूस ताजा काळा रंग दिसला तर आनंदू नये. तो कशासाठी दिला, हे विचारावे. पुरात बुडालेली मोटार ओळखण्यासाठी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आतल्या टोकावर चिखलाचा डाग राहून जातो. तेथपर्यंत पुसणाऱ्याचा हात क्वचितच पोचतो.

इंजिन तपासावयास जाताना विक्रेत्याला आधीच सांगावे, की मोटार गरम करून ठेवू नका. थंड इंजिनच आपले दोष खरे सांगते. एअर फिल्टरचे खोके उघडून, फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवावे. तेथे पिठासारखी धूळ लागली तर ती सिलिंडरांतही गेली आहे असे समजावे. धूर निळसर असेल तर इंजिन तेल जाळत आहे. इंजिन चालू असता तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण जपून सैल करावे; तेथून वाफेचे जोरदार फुत्कार येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव मोठा.

यानंतर उष्णतेची परीक्षा. वाळूत इंजिन जिवाच्या आकांताने राबते, पण मोटार मंद चालते, त्यामुळे रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही. अशी स्थिती आपल्याला घरबसल्या लाभलेली आहे! भर दुपारी, आतले थंड हवेचे यंत्र चालू ठेवून, घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढावर वाहनांच्या रांगेत मोटार न्यावी आणि उष्णतेचा काटा पाहत राहावा. जो काटा येथे वर सरकतो, तो जैसलमेरला स्थिर राहणार नाही.

चार चाकांचा जोर मात्र डांबरी रस्त्यावर तपासू नये. अशा बहुतेक जुन्या मोटारींत पुढची व मागची चाके एकाच गतीला बांधली जातात, आणि पक्क्या रस्त्यावर वळताना यंत्रावर ताण येतो. मातीच्या मैदानात मंद गतीचा गिअर टाकून चढ चढावा व उतरावा. डिफरेन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे. टायरांच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर वाळवंटात नेऊ नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. चॅसीवर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, आणि परराज्यातील मोटार असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला आहे काय, हे पाहावे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते; पुढे तपासणी करून ती नव्याने घ्यावी लागते. हौशी मालकांनी केलेले फेरफार नोंदणीपत्राशी जुळत नसतील, तर मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाची अडचण नव्या मालकाच्या गळ्यात येते.

ठरवलेल्या रकमेतील काही भाग खरेदीच्या वेळी खर्चू नये. रबरी नळ्या, पट्टे, बॅटरी, टायर आणि सर्व तेले बदलण्यासाठी तो राखून ठेवावा. बाजारात थोडी स्वस्त, पण लगेच पैसे मागणारी मोटार शेवटी महाग पडते.

शेवटी एक भेद ध्यानात ठेवावा. कच्छचे रण म्हणजे वाळू नव्हे. तेथे मिठाच्या कोरड्या पापुद्र्याखाली ओला चिखल असतो. पापुद्रा फुटला की चारही चाकांचा जोर मोटारीला अधिकच खोल नेतो. तेथे रुळलेली वाट सोडू नये, परवान्याशिवाय जाऊ नये, आणि परतल्यावर मोटारीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. रण असो वा वाळू, एकट्या मोटारीने जाणे टाळावे. दोन मोटारी, दोर, फावडे, हवा भरण्याचा पंप आणि दोन दिवस पुरेल इतके जादा पाणी, ही सामग्री कोणत्याही इंजिनापेक्षा अधिक भरवशाची आहे.

मोटार विकत घेणारा मनुष्य तिच्या आधीच्या मालकाच्या सवयीही विकत घेत असतो. त्या सवयी चांगल्या होत्या की नाही, हे लोखंड, तेल आणि धूळ सांगतात. विक्रेत्याच्या बोलण्याआधी त्यांचे ऐकावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.