कोल्हापूरची अंबाबाई रुसून आलेली नाही

घटस्थापना झाली की मस्तगडच्या गल्लीबोळांत, किंबहुना सगळ्या जालन्यात, एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘कोल्हापूरची महालक्ष्मी म्हणजे बालाजीची रुसून आलेली बायको.’ सांगणाऱ्याच्या आवाजात शंकेचा लवलेशही नसतो. पुरावा मागितला तर उत्तर तयार असतं, ‘दर नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो की!’ हे ऐकत वाढलेली मुलं मग विचारतात, ‘झेल्डा’ या व्हिडिओ गेममध्ये जग तीन देव्या घडवतात, आपल्या देव्या मात्र नुसत्या देवांच्या बायका का? मुलांचा प्रश्न रास्त आहे. चूक आहे ती आपण त्यांना दिलेल्या माहितीत.

रुसव्याची कथा भृगू ऋषींची आहे. त्यांनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, तिथे वास करणाऱ्या लक्ष्मीला तो अपमान वाटला आणि ती वैकुंठ सोडून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, आली. व्यंकटाचलाच्या माहात्म्यात ही कथा आहे आणि तिथे तिला तिचं स्थान आहे. पण तिच्या आधारे कोल्हापूरच्या गाभाऱ्यातली मूर्ती कोणाची, हे ठरवता येत नाही. ते मूर्तीवरूनच ठरवायला हवं.

साडी आणि दागिन्यांखाली जे झाकलं जातं ते पाहा. अंबाबाईच्या, म्हणजे कोल्हापूरच्या या महालक्ष्मीच्या, चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मस्तकावर नाग आणि शिवलिंग आहे. मागे सिंह उभा आहे. विष्णुपत्नी लक्ष्मीच्या हातात कमळं असतात, तिच्या दोन्ही बाजूंना हत्ती असतात. मस्तकावर शिवलिंग धारण करणारी विष्णुपत्नी कोणत्या ग्रंथात सांगितली आहे, हे ठामपणे बोलणाऱ्यांनी एकदा दाखवावंच. कोल्हापूरच्या मूर्तीचं वर्णन मात्र एका ठिकाणी जसंच्या तसं सापडतं. ते ठिकाण म्हणजे दुर्गासप्तशतीच्या पाठानंतर वाचलं जाणारं ‘प्राधानिक रहस्य’. म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, मस्तकी नाग आणि लिंग, सगळं त्यात आहे.

हेच प्रकरण पुढे काय सांगतं? आरंभी त्रिगुणमयी महालक्ष्मी आहे आणि भोवती शून्य आहे. ते शून्य ती आपल्या तेजाने भरून टाकते. तमोगुणातून महाकाली आणि सत्त्वगुणातून महासरस्वती प्रकट करते. मग तिघी एकेक जोडी निर्माण करतात. महालक्ष्मीपासून ब्रह्मा आणि श्री, महाकालीपासून रुद्र आणि त्रयी म्हणजे सरस्वती, महासरस्वतीपासून विष्णू आणि गौरी. त्यानंतर महालक्ष्मी सरस्वती ब्रह्म्याला देते, गौरी रुद्राला आणि श्री विष्णूला. ब्रह्मांड घडतं ते यानंतर. म्हणजे विष्णूची पत्नी लक्ष्मी ही या महालक्ष्मीने निर्माण केलेली आहे. निर्माण करणारी आणि निर्माण झालेली, या दोघींना एकच समजून आपण वर्षानुवर्षं आरत्या म्हणतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मस्तगडहून अंबड वीसेक किलोमीटरवर आहे. तिथल्या माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरीच्या मंदिरात महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती या तिघी एकत्र आहेत. नवरात्रात आख्खा जिल्हा तिथे लोटतो. रांगेत उभं असतानाही ‘या तिघी ब्रह्मा-विष्णू-महेशांच्या बायका’ हे कानी पडतंच. वरची वंशावळ डोळ्यांसमोर ठेवली तर त्या तिघी या तीन देवांच्या आधीच्या ठरतात.

जाणकार इथे आक्षेप घेतात. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात देवी देवांच्या तेजातून प्रकटली ना, मग ती निर्माती कशी? आक्षेप विचार करण्याजोगा आहे आणि त्याचं उत्तर पहिल्याच अध्यायात आहे. सुरथ राजा मेधा ऋषींना नेमकं हेच विचारतो: ही देवी कोण, ती कशी उत्पन्न झाली? ऋषी सांगतात, ती नित्य आहे, जग हेच तिचं रूप आहे. देवांच्या कार्यासाठी ती प्रकट होते तेव्हा लोक तिला ‘उत्पन्न झाली’ म्हणतात. त्याच अध्यायात विष्णू झोपलेला आहे, मधु-कैटभ हे असुर ब्रह्म्यावर धावून आले आहेत आणि ब्रह्मदेव देवीची स्तुती करतो. सृष्टी, पालन आणि संहार तूच करतेस, विष्णूला, मला आणि शंकराला देह तूच दिलास, असं तो म्हणतो. ज्याला आपण निर्माता म्हणतो त्याचीच ही कबुली आहे.

रहस्य प्रकरणं मूळ तेरा अध्यायांना नंतर जोडली गेली, हे अभ्यासक सांगतात आणि ते मान्य करायलाच हवं. पण ब्रह्म्याची ही स्तुती मूळ ग्रंथातली आहे आणि तो ग्रंथ साधारणपणे सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो.

आणखी काही समज थोडक्यात. सप्तशती हा मार्कंडेय पुराणाचा भाग आहे, स्वतंत्र पुराण नव्हे. तिच्यातले 700 हे मंत्र आहेत, श्लोक त्याहून कमी भरतात. ‘ऋषिरुवाच’सारखे शब्दही मंत्रांत मोजले जातात. भाद्रपदात आपल्या घरी बसणाऱ्या महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, कोल्हापूरच्या देवीची रूपं नव्हेत.

आणि ‘झेल्डाच्या तीन देव्या जपान्यांनी आपल्याकडून उचलल्या’ हा अभिमानाने सांगितला जाणारा शोध. निन्टेंडोच्या 1998च्या ‘ओकारिना ऑफ टाईम’मध्ये दिन पृथ्वी घडवते, नायरू तिला नियम देते, फारोरे जीव निर्माण करते आणि काम संपताच तिघी निघून जातात. 2011च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मधली हायलिया ही देवी रक्षण करणारी आहे, जग घडवणारी नाही. सप्तशतीतली देवी मात्र एकीतून अनेक होते आणि दानवांचा उपद्रव होईल तेव्हा पुन्हा येईन, असं अकराव्या अध्यायात वचन देते. तीन या आकड्यापलीकडे साम्य नाही, आणि तेवढ्यावर उसनवारी सिद्ध होत नाही.

शालू येतो, येत राहो; दोन मोठ्या देवस्थानांमधला तो मान आहे. पण घरात सप्तशतीची पोथी असेल तर या नवरात्रात तेराव्या अध्यायाशी थांबू नका. प्राधानिक रहस्य त्यापुढच्या पानांत आहे आणि पोथी मराठी अर्थासह असेल तर ते मुलांनाही वाचता येतं.