दिल्लीतील मराठी मुलांनी काय वाचावे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीतील तालकटोरा स्टेडियम येथे पार पडले. राजधानीत यापूर्वीचे संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. या दोन संमेलनांमधील ७१ वर्षांत दिल्ली आणि नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या परिसरात मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. घरात मराठी बोलणाऱ्या, परंतु शाळेत हिंदी व इंग्रजी वाचणाऱ्या या मुलांच्या हाती कोणते मराठी पुस्तक द्यावे, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीतील पालकांसमोर नव्याने उभा राहतो. मराठी केवळ कानावर पडत राहिली आणि वाचली गेली नाही, तर पुढच्या पिढीत ती घरातूनही ओसरण्याची शक्यता असते.

लिपी ओळखीची, भाषा वेगळी

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला प्रथम देवनागरी लिपी शिकावी लागते. दिल्लीतील मुलाला ती हिंदीमुळे आधीच अवगत असते. त्याची अडचण निराळी असते. 'ळ' हे अक्षर त्याच्या हिंदीच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. 'चमचा' आणि 'चहा' यांतील 'च' लिहिण्यात एक असला, तरी उच्चारात भिन्न आहे. 'शिक्षा' या शब्दाचा हिंदीतील अर्थ शिक्षण, तर मराठीतील अर्थ दंड असा होतो. त्यामुळे कोणत्याही पुस्तकाची पहिली काही पाने पालकांनी मोठ्याने वाचून दाखवणे उपयुक्त ठरते. उच्चार कानी पडले की पुढचे वाचन मूल स्वतः करू शकते.

प्रथम आनंद, मग संस्कार

अनेक घरांत मुलाला दिले जाणारे पहिले मराठी पुस्तक 'श्यामची आई' हे असते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाचे मोल वादातीत आहे. तथापि, त्यातील कोकण आणि त्या काळातील घर दिल्लीतील सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला सर्वस्वी अपरिचित असते. असे पुस्तक कर्तव्य म्हणून प्रथमच हाती आले, तर मराठी वाचन हा आणखी एक अभ्यास ठरतो. वाचनाची गोडी लागल्यानंतर तेच पुस्तक अधिक चांगल्या रीतीने उमगते. म्हणून आरंभ रंजक पुस्तकांनी करावा.

वयोगटानुसार काही पुस्तके

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके उत्तम ठरतात. 'राधाचं घर' या संचात छोटी राधा आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते. घरात बोलली जाते तशी मराठी आणि लेखिकेनेच काढलेली चित्रे, हे या पुस्तकांचे वैशिष्ट्य होय. साहित्य अकादमीने २०१४ च्या बाल साहित्य पुरस्काराने त्यांचा गौरव केला.

आठ ते बारा या वयात साहसाची आणि खोड्यांची ओढ असते. दिलीप प्रभावळकर यांच्या 'बोक्या सातबंडे'ला २०११ चा बाल साहित्य पुरस्कार मिळाला. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे, अर्थात फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून संकटांचा माग काढतो. २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपटही आला. रहस्यकथा आवडणाऱ्यांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आहे. हा अनुवाद अनेक वर्षे दिल्लीतून पत्रकारिता करणाऱ्या अशोक जैन यांनी केला. दिल्लीस्थित नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केलेले 'तोत्तोचान' हे जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे पुस्तकही याच वयात द्यावे. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची ही हकीकत चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणली आहे.

कुमारवयीन वाचकांना विज्ञानाची आवड असल्यास जयंत नारळीकर यांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह सुचवता येईल. परंतु दिल्लीतील मुलांना विशेष जवळची वाटतील अशी पुस्तके म्हणजे प्रकाश नारायण संत यांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. त्यांचा नायक लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागात आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या मराठीत कानडीचे शब्द सहज मिसळलेले आहेत. आपल्या मराठीत हिंदी मिसळते म्हणून संकोचणाऱ्या मुलाला, अशी मिश्र बोलीही साहित्याची भाषा होऊ शकते, हे लंपनकडे पाहून कळते.

पुस्तके कोठे मिळतात?

१९७२ पासून भरत असलेला दिल्लीचा जागतिक पुस्तक मेळा आणि वसंत कुंज येथील नॅशनल बुक ट्रस्टचे मुख्यालय ही पुस्तके शोधण्याची परिचित ठिकाणे होत. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. महाराष्ट्रातील प्रकाशकांकडून पुस्तके टपालानेही मागवता येतात.

निवड मात्र शक्यतो मुलावर सोपवावी. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर ठेवण्याची मुभा द्यावी आणि वाचताना उच्चार चुकल्यास प्रत्येक वेळी टोकू नये. एखादी गोष्ट मनापासून आवडली की पुढचे पुस्तक मूल स्वतःहून मागते. तेव्हा ते घरात असावे, इतकी दक्षता पालकांनी घेतली तरी पुष्कळ साध्य होईल.