पेशीचा ‘श्वास’ मोजणारे यंत्र : विकत घेणे सोपे, चालवणे अवघड का?

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात मोड आलेल्या हरभऱ्यांचा प्रयोग असतो. बंद बाटलीतले हरभरे श्वसन करतात, हे त्यातून दिसते. चिखली तालुक्यातील अमडापूरचा विद्यार्थीही तो करतो. पण हाच प्रश्न कर्करोगाच्या किंवा स्नायूच्या जिवंत पेशींना विचारायचा असेल, तर लागते महागडे, बहुधा परदेशातून येणारे यंत्र. विद्यापीठे ते घेतात कसे आणि विद्यार्थ्यांच्या हाती ते पडते का?

यंत्र काय मोजते?

पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवते, ती दोन मार्गांनी. एका मार्गात मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन वापरतात. दुसऱ्यात ऑक्सिजनशिवाय साखर फोडली जाते आणि आम्ल बाहेर पडते. ‘सीहॉर्स’सारखे यंत्र दोन्हींचा वेग एकाच वेळी मोजते. ८, २४ किंवा ९६ कप्प्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवतात. सेन्सर पेशींच्या अगदी जवळ उतरतो आणि पेशी न मारता काही मिनिटांत आकडे मिळतात.

उपयोग कशासाठी?

ऑक्सिजन असतानाही अनेक कर्करोगाच्या पेशी साखर फोडण्यावर भर देतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले. मधुमेह, औषधांचे दुष्परिणाम, वार्धक्य यांच्या अभ्यासातही हे मोजमाप लागते.

या विषयाशी मराठी नावही जोडलेले आहे. डॉ. कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारे ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

खरेदी कशी होते?

आधी विभागाची मागणी, मग तांत्रिक समिती, निविदा आणि मंजुरी. निधी विद्यापीठाचा असतो किंवा केंद्राच्या योजनांतून येतो. विद्यापीठ विभाग व पदव्युत्तर महाविद्यालयांसाठी २००० पासून ‘फिस्ट’ ही योजना आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली. राज्य विद्यापीठांना मात्र राज्याचे खरेदी नियम पाळावे लागतात.

मग अडते कुठे?

खर्च खरेदीनंतर सुरू होतो.

• सेन्सरची कार्ट्रिज आणि प्लेट प्रत्येक प्रयोगाला नवी लागते.
• पेशी जिवंत ठेवायला इन्क्युबेटर, निर्जंतुक खोली आणि अखंड वीज हवी.
• वॉरंटी संपली की वार्षिक देखभाल कराराचे पैसे दरवर्षी लागतात.
• यंत्र हाताळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ कायमस्वरूपी हवा.

यातले एक जरी नसले, तरी यंत्र कापडाखाली झाकून पडते. म्हणूनच प्रस्तावात पुढच्या पाच वर्षांच्या साहित्याचा, देखभालीचा आणि प्रशिक्षणाचा खर्च आधीच मांडावा लागतो.

बुलढाण्याच्या विद्यार्थ्याचे काय?

जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नमुने तपासायला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलल्याचे तिथे कळले. सरोवर जिल्ह्यात, तपासणी मात्र पुण्यात, असे ते चित्र होते.

प्रत्येक महाविद्यालयाने महाग यंत्र घेणे परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. केंद्राच्या ‘आय-स्टेम’ पोर्टलवर देशभरातील संस्थांची यंत्रे शोधता येतात आणि शुल्क भरून वेळ राखून ठेवता येते. पोर्टलचा पहिला टप्पा जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला.

मूलभूत शिक्षणासाठी साधे साधनही पुरते. ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर यीस्टचे श्वसन मोजता येते आणि तत्त्व तेच राहते. मोठे यंत्र आलेच, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातले ठरावीक तास आणि बाहेरच्या महाविद्यालयांसाठी सवलतीचा दर खरेदीच्या ठरावातच लिहून घेणे उत्तम. नंतर मागितलेली वेळ सहसा मिळत नाही.