विश्लेषण : कोलाजेन पाण्यात का विरघळत नाही? प्रयोगशाळेत योग्य द्रावक कसा निवडतात?

भीमेवरील उजनी जलाशयातील चिलापी, कटला, रोहू भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात येतात. मासा साफ झाला की खवले आणि कातडी बहुतेक वेळा कचऱ्यात जातात. या कचऱ्यात कोलाजेन नावाचे प्रथिन भरपूर असते. जखमेवर लावायच्या पट्ट्या, प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठीचे थर, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक ठिकाणी त्याला मागणी आहे. भिगवणपासून तासाभराच्या आत बारामती आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीसारख्या भागातील मुलांना जैवतंत्रज्ञान शिकण्यासाठी आता पुणे गाठावे लागत नाही, विद्या प्रतिष्ठानचे स्कूल ऑफ बायोटेक्नॉलॉजी बारामतीतच आहे. म्हणजे कच्चा माल जवळ आणि प्रयोगशाळाही जवळ. तरीही खवल्यांतून कोलाजेन काढायला बसलेला विद्यार्थी हमखास अडतो तो एका प्रश्नावर : हे विरघळवायचे कशात?

कोलाजेन पाण्यात का विरघळत नाही?

कोलाजेनचा रेणू तीन पेडांच्या वेणीसारखा असतो. ही तिहेरी रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. अशा असंख्य वेण्या शेजारी-शेजारी बसून, एकमेकींना रासायनिक टाके घालून घट्ट तंतू तयार करतात. त्वचा, हाडे, कंडरा यांना बळकटी देणे हेच या तंतूंचे काम. ते साध्या पाण्यात विरघळले असते तर पावसात भिजणेही अवघड झाले असते.

मग मेडिकलमधली कोलाजेन पावडर दुधात कशी विरघळते? कारण ती बहुधा अखंड कोलाजेन नसतेच. विकरांच्या मदतीने वेणीचे बारीक तुकडे केलेले असतात. डब्यावर नाव कोलाजेनचे असले, तरी पेशी वाढवण्याच्या प्रयोगात ती पावडर अखंड कोलाजेनची जागा घेऊ शकत नाही.

सौम्य ॲसिटिक ॲसिडच का?

याचे उत्तर विजेच्या भारात आहे. आम्लात कोलाजेनच्या रेणूंवर धन भार वाढतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, तंतू फुगतो आणि रेणू सुटे होऊन द्रावणात येतात. वेणीचा पीळ मात्र कायम राहतो. माशांच्या कातडी-खवल्यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रावण म्हणजे ०.५ मोलर ॲसिटिक ॲसिड, म्हणजे लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम. स्वयंपाकघरातील व्हिनेगर याहून थोडे कडकच असते. उंदराच्या शेपटीतून काढलेल्या शुद्ध कोलाजेनला तर ०.०२ मोलर इतके पातळ ॲसिडही पुरते. आणखी एक सोय म्हणजे हे ॲसिड उडून जाणारे आहे. द्रावण गोठवून सुकवले की ते बरेचसे निघून जाते. (बाटलीतले मूळ ॲसिड मात्र त्वचा जाळते. ते पाण्यात घालायचे, त्यावर पाणी ओतायचे नाही.)

खवल्यांच्या बाबतीत आधीची तयारी महत्त्वाची. सौम्य कॉस्टिक सोड्याने इतर प्रथिने काढायची, मग ईडीटीए किंवा पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने कॅल्शियम काढायचे आणि नंतर ॲसिटिक ॲसिडमध्ये एक ते तीन दिवस हळूहळू ढवळायचे. एवढे करूनही बरेचसे कोलाजेन तळाशी उरले, तर त्याच आम्लात पेप्सिन घालतात. वेणीच्या टोकांना जिथे टाके असतात, तेवढाच भाग ते कापते. मधला पीळ त्याला दाद देत नाही.

घाई कुठे नडते?

पेशींना सातच्या आसपासचा पीएच लागतो, म्हणून अनेक जण कोलाजेन थेट बफरमध्ये टाकतात. गोळे तसेच राहतात. मग कोणीतरी ते हॉटप्लेटवर ठेवते आणि काही मिनिटांत द्रावण स्वच्छ होते. प्रयोग फसतो तो इथेच. उष्णतेने वेणी उसवलेली असते आणि हातात उरते जिलेटिन. पाया सूप उकळताना घरोघरी हेच घडते. सूपासाठी ते चांगलेच, पण प्रकल्पासाठी केलेली महिन्याभराची मेहनत वाया जाते.

महागड्या द्रावकानेही हा धोका टळत नाही. विजेच्या दाबाखाली कोलाजेनचे अतिसूक्ष्म धागे काढण्यासाठी हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल हा फ्लोरिनयुक्त द्रावक वापरला जातो. त्यात कोलाजेन सहज विरघळते, पण पीळही सुटतो. ही पद्धत म्हणजे जिलेटिन बनवण्याचा महागडा मार्ग तर नाही ना, असा प्रश्न २००८ मध्ये ‘बायोमटेरिअल्स’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधाने शीर्षकातच विचारला होता. शिवाय हा द्रावक डोळ्यांना आणि त्वचेला घातक आहे, त्यामुळे धूर खेचणाऱ्या कपाटाशिवाय त्याची बाटली उघडता येत नाही. पदवीच्या प्रकल्पासाठी तो टाळणेच शहाणपणाचे.

बारामतीच्या उन्हाचा काय संबंध?

संबंध थेट आहे. कोलाजेनचा पीळ किती तापमानाला सुटतो, हे तो प्राणी कुठे राहतो यावर ठरते. कॉडसारख्या थंड समुद्रातील माशाचे कोलाजेन द्रावणात १५ अंशांच्या आसपासच उसवते. रोहू-चिलापीसारख्या उष्ण पाण्यातील माशांचे बरेचदा ३० अंशांच्या पुढे टिकते, गाई-म्हशींचे त्याहून थोडे अधिक. एप्रिल-मेमध्ये बारामतीचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. रात्रभर ढवळत ठेवलेले द्रावण वीज गेल्यावर खोलीच्या तापमानाला आले, तर द्रावक अगदी योग्य असूनही उपयोग नाही. म्हणूनच विरघळवण्याचे सगळे काम ४ अंशांवर, फ्रिजमध्ये किंवा बर्फात करतात.

पीळ शाबूत आहे हे ओळखायचे कसे?

नेमकी तपासणी वर्तुळाकार द्विवर्णता यंत्रावर होते. अखंड वेणी २२१ नॅनोमीटरच्या आसपास ठरावीक उंचवटा दाखवते आणि पीळ सुटला की तो नाहीसा होतो. हे यंत्र प्रत्येक महाविद्यालयात नसते. त्यावर एक साधी चाचणी आहे. आम्लातले थंड द्रावण बर्फातच ठेवून बफर आणि थोड्या अल्कलीने त्याचा पीएच सातच्या थोडा वर आणायचा, मग ते हळूहळू कोमट करायचे. जनावरांच्या कोलाजेनसाठी ३७ अंश, माशांच्या कोलाजेनसाठी त्याच्या पीळ सुटण्याच्या तापमानाच्या बरेच खाली, साधारण २५ ते २८ अंश. खरे कोलाजेन कोमट होताना पांढुरके होऊन घट्ट होते. जिलेटिनचे उलटे. ते कोमट केल्यावर पातळच राहते आणि फ्रिजमध्ये ठेवले की थिजते.